छपराचे काळे डाग आणि घरातली माणसे



दसरा नुकताच झाला होता. कापसाची पहिली वेचणी तोंडावर आलेली. अशा वेळी ओळखीच्या एका घरी जाण्याचा योग आला. दिवाळीनंतर त्या घरी मुलीचे लग्न होते. पाहतो तर घरधनी अंगणात फवारणीचा पंप धुवीत बसलेले. शेजारी न्हाणीघरात वापरतात त्या अॅसिडची बाटली, ब्लीचिंग पावडरची पुडी आणि तारेचा ब्रश. भिंतीला शिडी लावलेली. "काय बेत आहे?" असे विचारले तेव्हा ते म्हणाले, "पाहुणे येतील. छप्पर बघा कसे काळेकुट्ट झाले आहे. आज घासून पांढरे करतो."

छप्पर होते सिमेंटच्या पत्र्यांचे, वीस-बावीस वर्षांचे जुने. उत्तरेकडचे पाखे चिंचेच्या सावलीत काळे पडलेले. मध्ये मध्ये करड्या-हिरव्या चकत्या. घरच्या बाईंनी विचारले, "हा घराला काही रोग झाला म्हणायचा का?"

त्या दिवशी आम्ही शिडी खाली ठेवायला लावली. कारण काळ्या डागांनी त्या घराचे फारसे बिघडले नव्हते. बिघडणार होते ते उपायाने. आपल्या भागात पावसाळा संपला की घरोघर हाच प्रश्न येतो. म्हणून या वेळी हा विषय सविस्तर घेतला आहे.

हे काळे म्हणजे काय?

छपरावरचे काळे म्हणजे बहुतेक वेळा शेवाळ. शेवाळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विहिरीच्या पायरीवरचे हिरवे बुळबुळीत थर येतात. पण छपरावर वाढते ते बरेचदा निळे-हिरवे शेवाळ असते, आणि ते दिसते मात्र काळे किंवा तपकिरी. यामागे कारण आहे. उघड्या छपरावर ऊन फार. त्या उन्हातून वाचण्यासाठी हे सूक्ष्म जीव स्वतःभोवती गडद रंगाचे आवरण तयार करतात. आपण डोक्याला उपरणे बांधतो तसेच हे. जुन्या देवळांच्या दगडी भिंती आणि किल्ल्यांचे तट काळे दिसतात, त्याचेही एक मोठे कारण हेच शेवाळ आहे.

हे शेवाळ चिवट असते. मे महिन्यात ते वाळून पापुद्र्यासारखे होते. आपल्याला वाटते, मेले. पण ते झोपलेले असते. मृगाची पहिली सर पडली की काही वेळात फुगते, श्वास घेऊ लागते आणि पुन्हा वाढते. म्हणून "उन्हाळ्यात आपोआप जाईल" असे म्हणून चालत नाही.

मात्र त्याला शत्रू समजू नये. याच कुळातले शेवाळ भाताच्या बांधीत हवेतला नत्र धरून पिकाला देते. डॉ. पी. के. डे यांनी १९३९ साली भातखाचरातील हे कार्य दाखवून दिले. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत डॉ. जी. एस. वेंकटरामन यांनी त्याचे खत शेतकऱ्यांपर्यंत पोचवण्याचे काम केले. पत्र्याच्या उथळ तसराळ्यात माती, सुपर फॉस्फेट आणि पाणी घालून ते वाढवतात, वाळवून त्याचे पापुद्रे काढतात आणि हेक्टरी १० किलो या प्रमाणात भाताच्या शेतात टाकतात. बांधीत जे वरदान, तेच छपरावर नकोसे होते, इतकेच. छपरावरचे खरवडून शेतात टाकण्याचा खटाटोप मात्र करू नये. खताच्या शेवाळाच्या जाती निवडलेल्या असतात.

शेवाळाखेरीज ज्या करड्या-हिरव्या, खरबरीत चकत्या दिसतात त्या दगडफुलाच्या जातीच्या असतात. होय, आपण काळ्या मसाल्यात घालतो त्याच दगडफुलाच्या या भाऊबंद. बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून मांडलेला हा संसार. बुरशी घर देते, शेवाळ अन्न करते. पण छपरावरचे दगडफूल मसाल्यासाठी कधीही काढू नये. सिमेंटचे आणि धुळीचे कण त्यात अडकलेले असतात.

आपल्याकडेच इतके का?

आदिलाबादला तेलंगणातल्या पुष्कळ जिल्ह्यांपेक्षा पाऊस जास्त. वर्षाला साधारण १,००० मिलिमीटरच्या वर, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पैनगंगेच्या काठची जैनथ, बेला, भीमपूरकडची गावे असोत की उटनूरकडचा डोंगरी भाग, श्रावण-भाद्रपदात छप्पर दिवसेंदिवस वाळतच नाही. २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, पण निर्मळ, मंचेरियाल, आसिफाबादकडच्या बांधवांचीही गोष्ट हीच आहे.

शेवाळाला चार गोष्टी लागतात. ओल, उजेड, थोडी धूळ आणि बसायला खरबरीत जागा. आपल्या छपरावर चारही असतात. ओल पावसाने येते. धूळ रस्त्याची आणि मळणीची. पाखरांच्या विष्ठेतून त्याला खत मिळते. जुने सिमेंट आणि हाताने थापलेले कवेलू सच्छिद्र असल्याने पाणी धरून ठेवतात. म्हणूनच उत्तरेकडचे पाखे आणि झाडाखालची बाजू आधी काळी पडते. दक्षिणेचे पाखे ऊन खाते आणि लवकर वाळते.

आधी पारख, मग उपाय

प्रत्येक काळा डाग शेवाळाचा नसतो. पवित्र शास्त्रात लेवीय पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात घराच्या भिंतीवर हिरवट-तांबूस चट्टे पडले तर काय करावे ते सांगितले आहे. तिथेही आधी याजकाने येऊन पाहायचे, घर सात दिवस बंद ठेवायचे, पुन्हा येऊन चट्टा पसरला का ते बघायचे आणि मगच खरवडायचे, असा क्रम आहे. घाईने हात न घालता आधी नीट पाहणे हा शहाणपणा आजही लागू आहे.

शिडीवरून हात पोचेल तेवढ्या कडेवर ही परीक्षा करावी.

१. डाग ओला केल्यावर बुळबुळीत लागतो काय? लागला तर शेवाळ.

२. डागावर ब्लीचिंग पावडरच्या निवळीचे चार थेंब टाका. पाच-दहा मिनिटांत रंग फिका पडला तर शेवाळ किंवा बुरशी. तसाच राहिला तर चुलीची काजळी किंवा धूळ.

३. तांबूस ओघळ दिसला तर तो खिळ्याचा किंवा पत्र्याचा गंज.

४. स्लॅबच्या खालून, घरात, पांढरी भुकटी फुटली असेल तर तो लोणा. आतून पाणी झिरपते आहे असे समजा.

५. घरातल्या छताला किंवा कोपऱ्यात काळे ठिपके असतील तर ती बुरशी. शेवाळाला उजेड लागतो, बुरशीला लागत नाही. दमेकऱ्यांना आणि लहान मुलांना त्रास होतो तो या घरातल्या बुरशीचा. बाहेरच्या काळेपणापेक्षा तिच्याकडे आधी लक्ष द्या.

आता खरे नुकसान कशाने होते ते सांगतो. नुसत्या काळ्या थराने छप्पर गळत नाही. पण शेवाळ दाट झाले, त्यात हिरवे मखमली गवतासारखे थर आले, म्हणजे ते पाणी अडवतात. कवेलूंच्या सांध्यात अडलेले पाणी बाजूला सरकते, वाशांवर उतरते, वासे कुजतात आणि मग वाळवी लागते. स्लॅबवर त्याच थरात पाखरांनी टाकलेले पिंपळाचे आणि वडाचे बी रुजते आणि मुळ्या भेगेत शिरतात. पिंपळाचे रोप दोन पानांचे असतानाच काढावे. हातभर झाले की ते स्लॅब घेऊनच निघते.

पाणी कुठे थांबते ते शोधा

डाग काढला आणि ओल तशीच ठेवली तर पुढच्या हस्तात डाग परत येतो. म्हणून आधी ओलीचे कारण काढावे. त्याला पैसा कमी आणि लक्ष जास्त लागते.

छपरावर टेकलेल्या फांद्या छाटाव्या. झाड तोडू नये. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेव्हा त्याच चिंचेची, कडुनिंबाची सावली घर राखते. दोन-तीन हात मोकळे आकाश मिळाले, वारा खेळला की छप्पर लवकर वाळते. पानगळ पन्हळीत साचू देऊ नये. स्लॅब असेल तर पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी बघा. जिथे अजून पाणी आहे तिथे कोळशाने खूण करा. तिथला उतार चुकला आहे. पावसाळा संपल्यावर तेवढ्याच जागी सिमेंट-वाळूचा थर देऊन पाणी नळीकडे वाहते करावे. बारीक भेगा असतील तर साफ करून त्यात पातळ सिमेंट भरावे.

छपराप्रमाणे उपाय

कवेलूचे घर. तेलुगूत ज्याला पेंकुटिल्लू म्हणतात ते आपले जुने घर. याला आपल्या वाडवडिलांचा उपायच उत्तम आहे. वैशाखात, मृगाआधी, घर शाकारून घ्यावे. कवेलू फेरताना खाली उतरवून दोन्ही अंगांनी उन्हात तापू द्यावे, काथ्याच्या कुंच्याने झाडावे, फुटके वेगळे काढावे. पाण्याची किंवा औषधाची गरज पडत नाही. हल्ली फेरणारे कारागीर मिळत नाहीत म्हणून चार-चार वर्षे घर तसेच राहते आणि शेवाळाचे फावते. गावात चार घरांनी मिळून एकाच आठवड्यात हे काम धरले तर कारागीरही मिळतो आणि मजुरीही परवडते.

मंगळुरी कौले. ही कौले भारतात बासेल मिशनच्या मिशनऱ्यांनी १८६५ साली मंगळूरला कारखाना काढून प्रचारात आणली. यंत्रात दाबून आणि भट्टीत चांगली भाजून केलेली असल्यामुळे ती पाणी कमी पितात. त्यांच्यावरचे शेवाळ मऊ कुंचा आणि पाण्याने निघते. तारेचा ब्रश लावू नये. वरचा गुळगुळीत थर खरवडला गेला की पुढच्या वर्षी दुप्पट शेवाळ धरते.

टिनाचे पत्रे. यांच्यावर शेवाळ कमी धरते, कारण वरचा जस्ताचा थर त्याला मानवत नाही. जुन्या सिमेंटच्या छपरावर जस्त चढवलेल्या खिळ्याखाली एखादी फिकी रेघ दिसते ती यामुळेच. अमेरिकेत डांबरी पट्ट्यांच्या छपरांवर अशाच शेवाळाचे काळे ओघळ पडतात, आणि तिथे आढ्याजवळ जस्ताच्या किंवा तांब्याच्या पट्ट्या लावण्याची पद्धत आहे. टिनाला साबणाचे पाणी आणि मऊ कुंचा पुरे. ब्लीचिंग, अॅसिड, मोरचूद यांपैकी काहीही टिनाला लावू नये. जस्त गेले की गंज आला.

स्लॅब. यावर चढणे त्यातल्या त्यात सोपे. आधी कोरडा कचरा काढावा, मग खाली सांगितलेली ब्लीचिंगची निवळी, मग खराट्याने घासून भरपूर पाणी. नीट वाळल्यावर, शक्यतो फाल्गुनात, चुन्याचे दोन हात द्यावे. कळीचा चुना एक दिवस पाण्यात भिजवून, गाळून, त्यात थोडा डिंक मिसळावा. चुना डोळ्यांत गेला तर भाजतो, म्हणून कालवताना तोंड दूर ठेवावे. ताज्या चुन्यावर शेवाळ धरत नाही आणि पांढरे छप्पर ऊन परतवते. २०२३ साली तेलंगण सरकारने ऊन परतवणाऱ्या छपरांचे धोरण आणले ते याच तत्त्वावर. काळे छप्पर ऊन पिते आणि रात्रभर घर तापवते. म्हणजे स्लॅब पांढरी ठेवण्यात शोभेपेक्षा झोपेचा फायदा मोठा आहे.

सिमेंटचे पत्रे. इथे सर्वांत जास्त सांभाळावे. आपल्या घरांवरच्या आणि गोठ्यांवरच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा शाबूत आहे तोवर ते सिमेंटमध्ये बांधलेले असतात. पत्रा कोरडा घासला, कापला, फोडला की ते हवेत उडतात. डोळ्यांना दिसत नाहीत आणि फुप्फुसात गेले की निघत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अॅस्बेस्टॉसचे सर्व प्रकार माणसाला कर्करोग करणारे म्हणून नोंदले आहेत. रोग वीस, तीस, चाळीस वर्षांनी उमटतो, त्यामुळे आज घासणाऱ्याला काहीच झाले नाही असे वाटते. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ साली अॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निकाल देताना कामगाराचे आरोग्य हा त्याचा मूलभूत हक्क मानला.

म्हणून नियम असा. सिमेंटचा पत्रा कोरडा कधीही घासू नये. तारेचा ब्रश नको, खरवडणी नको, मोटारीच्या जोराच्या पाण्याची नळीसुद्धा नको. नुसता काळा असेल तर काळाच राहू द्या. कडेचा भाग फारच वाईट दिसत असेल तर शिडीवरून झारीने चिंब ओला करून, लांब दांड्याच्या मऊ कुंच्याने हलके पुसावे. फुटलेला पत्रा ओला करून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावा. त्याचे तुकडे करून चिखलाच्या वाटेवर पसरू नयेत. आपल्याकडे ही सवय आहे, पण गाडीच्या चाकाखाली त्याची भुकटी होते आणि त्याच वाटेवर मुले खेळतात.

ब्लीचिंगची निवळी कशी करावी?

कौले आणि स्लॅबसाठी १० लिटर पाण्यात ३०० ते ४०० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर प्लास्टिकच्या बादलीत काठीने ढवळावी. गाळ खाली बसू द्यावा. वरची निवळी तेवढी वापरावी. आधी खालची झाडे आणि भाजीपाला साध्या पाण्याने भिजवून घ्यावा. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या वेळी, वारा नसताना, झारीने किंवा कुंच्याने निवळी लावावी. १५-२० मिनिटे थांबावे आणि मग धुवावे. दगडफुलाच्या चकत्या लगेच निघत नाहीत. त्या मरू द्याव्या, वाळल्या की काही आठवड्यांनी सहज सुटतात. ओरबाडू नये. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, अंगावर जुने कपडे असावेत.

आता काय करू नये ते नीट वाचावे.

ब्लीचिंग पावडर आणि अॅसिड एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद जागेत तो जीव घेऊ शकतो. ज्या घरी आम्ही गेलो होतो तिथे या दोन्ही वस्तू एकाच पंपात जाणार होत्या.

ब्लीचिंग पावडर आणि युरिया एकत्र येऊ देऊ नये. त्यातूनही विषारी आणि स्फोटक द्रव्ये होतात. युरियाचे रिकामे पोते किंवा बादली या कामाला घेऊ नये.

फवारणीचा पंप वापरू नये. कितीही धुतला तरी कपाशीवरच्या कीटकनाशकाचा अंश त्यात राहतो, आणि बारीक फवारा वाऱ्याने उलटून डोळ्यांत, छातीत जातो.

तणनाशक छपरावर मारू नये. ते छपरावरून पन्हळीत, पन्हळीतून हौदात आणि हौदातून पोटात जाते.

मोरचुदाविषयीही विचारले जाते. मोरचूद आणि चुना मिळून होणारे बोर्डो मिश्रण १८८५ पासून शेतीत आहे आणि तांबे शेवाळाला मारते हे खरे. पण छपरासाठी आम्ही ते सुचवीत नाही. लोखंडावर आणि जस्तावर ते चढते व पत्रा खाते, भिंतीवर निळे ओघळ पडतात, आणि धुवण तळ्यात गेले तर मासे मरतात.

धुतलेले पाणी विहिरीकडे, गुरांच्या हौदाकडे, कोंबड्यांच्या जागेकडे जाऊ देऊ नये. काम होईपर्यंत गुरे दुसरीकडे बांधावी.

छपरापेक्षा माणूस मोलाचा

कुंताला धबधब्याजवळचे ओले काळे खडक ज्यांनी पाहिले आहेत त्यांना शेवाळावर पाय कसा सरकतो ते सांगायला नको. तेच शेवाळ तुमच्या उतरत्या छपरावर आहे. शिवाय जुना सिमेंटचा पत्रा वरून भक्कम दिसतो पण माणसाच्या वजनाने अचानक फुटतो. गंजलेला टिनही तसाच. खाली असते ते फरशीचे घर किंवा गोठ्यातली दगडी गव्हाण. पाठीचा कणा मोडला की कर्ता माणूस जन्मभर खाटेवर, आणि वेचणी, पेरणी, कर्ज, मुलांची शाळा सगळे एका बाईच्या अंगावर.

अनुवाद पुस्तकाच्या २२ व्या अध्यायात नवे घर बांधताना गच्चीला कठडा करावा, म्हणजे कोणी पडून घराला रक्ताचा दोष लागणार नाही, अशी आज्ञा आहे. घरमालकाने आपल्या छपरावरून माणूस पडू नये याची काळजी घ्यायची, ही जबाबदारी इतकी जुनी आहे. रोजावर लावलेल्या मजुरालाही ती लागू आहे. "तो तयार होता" असे म्हणून आपण सुटत नाही.

सिमेंटच्या आणि गंजलेल्या पत्र्यावर पाय ठेवूच नये. शिडीवरून होईल तेवढेच करावे. शिडी भिंतीला १२ फूट उंचीवर टेकत असेल तर तिचा पाय भिंतीपासून ३ फुटांवर असावा, आणि एकाने ती धरून उभे राहावे. ओल्या छपरावर, पावसात, एकट्याने किंवा दारू पिऊन चढू नये. छपरावरून विजेची तार गेली असेल तर आधी प्रवाह बंद करून घ्यावा. लांब बांबू आणि ओली तार यांची गाठ पडली तर परमेश्वरच वाचवील.

पन्हळ, हौद आणि ताप

छपराचा आरोग्याशी आणखी एक संबंध आहे. शेवाळाने तुंबलेल्या पन्हळीत पाणी साचते. स्वच्छ साचलेल्या पाण्यात डेंगीचा डास अंडी घालतो आणि सात ते दहा दिवसांत त्याचे पिल्लू उडायला लागते. पावसाळ्यात आपल्या डोंगरी गावांत ताप किती घरे आडवी करतो ते सर्वांना ठाऊक आहे. म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून पन्हळ, रांजण, टायर, कुंड्या कोरड्या कराव्या. ते डाग घासण्यापेक्षा दहापट उपयोगाचे काम आहे.

जे बांधव छपराचे पाणी हौदात घेतात त्यांनी हिशेब ध्यानात ठेवावा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी येते. म्हणजे ५० चौरस मीटरच्या छपरावर पहिल्या दोन मिलिमीटर पावसाचे १०० लिटर पाणी येईल. ते विष्ठा, धूळ आणि शेवाळ धुऊन आणते. ते सोडून द्यावे आणि मग नळी हौदाकडे फिरवावी. नळीच्या तोंडाला जाळी आणि हौदाला घट्ट झाकण असावे. अंधारात शेवाळ वाढत नाही. सिमेंटच्या जुन्या पत्र्याचे पाणी धुण्याला आणि झाडांना ठेवावे, पिण्याला नको. छप्पर ब्लीचिंगने धुतले असेल तर पुढच्या दोन चांगल्या सरी वाहून जाऊ द्याव्या. विहिरीच्या किंवा हौदाच्या पिण्याच्या पाण्यात १,००० लिटरला २.५ ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर घालून एक तास थांबावे. छपराला लागते त्याच्या मानाने हे प्रमाण किती थोडे आहे ते पाहा, आणि दोन्हींची गल्लत करू नका.

वर्षाचे वेळापत्रक

फाल्गुन-चैत्र: स्लॅबच्या भेगा भरणे, चुना देणे.

वैशाख, मृगाआधी: कवेलू फेरणे, फांद्या छाटणे, पन्हळ साफ करणे.

आषाढ ते भाद्रपद: छपरावर चढणे बंद. दर आठवड्याला पन्हळ व भांडी कोरडी करणे. स्लॅबवर पाणी कुठे थांबते त्याची खूण.

दसरा-दिवाळी: छप्पर कोरडे झाल्यावर पारख. कौले आणि स्लॅबवर हवी तर ब्लीचिंगची निवळी. सिमेंटचे पत्रे आहे तसे ठेवणे. पिंपळाची रोपे काढणे.

आता ज्या घरापासून सुरुवात केली त्याचे सांगतो. त्या दिवशी चिंचेच्या दोन फांद्या छाटल्या, पन्हळीतला पाटीभर काळा गाळ काढला आणि दाराकडची कड ओली करून कुंच्याने पुसली. अॅसिडची बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी वर ठेवली. भिंतींना मात्र चुना दिला. लग्न थाटात झाले. उत्तरेचे पाखे आजही काळेच आहे, आणि मांडवात मुलीचा बाप आपल्या पायांवर उभा होता. बंधूंनो, आपल्या घरीही एवढे साधले तर पुरे.